फ्रिजच्या दाराचा खटका : भक्कमपणाची व्याख्या बदलणारा एक कायदा (धागा)

१९८५ साली प्रदर्शित झालेल्या 'बॅक टू द फ्युचर' या चित्रपटातील कालयंत्र म्हणजे एक मोटारगाडी, हे सर्वश्रुत आहे. पटकथेच्या आरंभीच्या खर्ड्यात मात्र ते कालयंत्र एका फ्रिजमध्ये होते. चित्रपट पाहून मुले जुन्या फ्रिजमध्ये शिरतील, अशी धास्ती स्टीव्हन स्पीलबर्ग यांना वाटली आणि फ्रिजची कल्पना मागे पडली. आजच्या वाचकाला ही धास्ती अवाजवी वाटेल. परंतु स्पीलबर्ग यांचा जन्म १९४६ चा. त्यांच्या बालपणीच्या अमेरिकेत फ्रिजचे दार ही खरोखरच जीवघेणी वस्तू होती.

त्या काळचे दार कसे होते, ते आधी पाहू. बाहेरून पोलादी पत्रा, मध्ये उष्णतारोधक भरण, कडेने रबराची पट्टी आणि मुठीला जोडलेला स्प्रिंगचा खटका. दार आपटले की खटका चौकटीतल्या खाचेत आपोआप अडके आणि दाराला आत ओढून रबर दाबून धरी. थंड हवा बाहेर जाऊ नये, म्हणून ही पकड जितकी घट्ट तितकी चांगली. भक्कम दार म्हणजे घट्ट खटका, असे साधे समीकरण होते. खटका सोडवण्याची मूठ बाहेरच्या बाजूला होती. आत काहीही नव्हते, आणि ते असावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. फ्रिजच्या आत माणूस कशाला असेल?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी घरांत नवे फ्रिज झपाट्याने येऊ लागले आणि जुने परसात, तळघरात, भंगाराच्या ढिगाऱ्यात जाऊन पडले. फळ्या काढून टाकलेला रिकामा फ्रिज म्हणजे लपंडावासाठी आयतीच जागा. मूल आत शिरे, दार ओढून घेई, खटका बसे. आतील हवा मोजकीच. उष्णता अडवणारे भरण आवाजही अडवी, त्यामुळे काही हातांवर शोध घेणाऱ्या आईलाही हाक ऐकू जात नसे. अशा मृत्यूंच्या बातम्या वरचेवर छापून येऊ लागल्या. टाकून दिलेल्या फ्रिजचे दार काढलेच पाहिजे, असे नियम काही राज्यांनी व शहरांनी केले. पण हा उपाय फ्रिज टाकणाऱ्याच्या सद्बुद्धीवर अवलंबून होता.

२ ऑगस्ट १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'रेफ्रिजरेटर सेफ्टी अ‍ॅक्ट'वर स्वाक्षरी केली. कायदा अगदी छोटा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्रीला जाणाऱ्या प्रत्येक घरगुती फ्रिजचे दार आतून उघडता आले पाहिजे. नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्ष अंमल ३० ऑक्टोबर १९५८ पासून. मधल्या काळात एक अवघड प्रश्न सोडवायचा होता : 'आतून उघडता येणे' म्हणजे नेमके काय? अंधारात कोंडलेले तीन वर्षांचे मूल करते तरी काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी जो प्रयोग झाला, तो आज कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. दोन ते पाच वर्षांच्या २०१ मुलांना फ्रिजसारख्या बंदिस्त पेटीत ठेवून त्यांचे निरीक्षण करण्यात आले. दार उघडण्याच्या सहा वेगवेगळ्या युक्त्या तपासल्या गेल्या. कॅथरिन बेन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९५८ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात मांडले, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. २४ टक्के मुलांनी सुटण्याचा जवळजवळ प्रयत्नच केला नाही. दोन वर्षांच्या मुलांपैकी अवघी ६ टक्के गप्प राहिली, पण पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांनी तोंडातून आवाजही काढला नाही. म्हणजे मूल मोठे, समजूतदार, तर ते ओरडेलच, हा मोठ्या माणसांचा भ्रम होता.

आतल्या बाजूला हाताने धरण्याजोगा खुंटा दिला, तेव्हा ४० टक्के मुलांनी तो खोलीच्या दाराच्या गोल मुठीसारखा फिरवून पाहिला. १८ टक्क्यांनी ओढला. ढकलला फक्त ९ टक्क्यांनी. आत एखादी कळ बसवून भागणार नाही, हे यावरून उघड झाले. जिथे ढकलणे हाच मार्ग होता, तिथे ६१ टक्के मुलांनी तो अवलंबिला. काहींनी तर ४० पौंडांहून अधिक जोर लावला. बहुतेक मुले तीन मिनिटांच्या आत बाहेर आली वा काढली गेली. आठ महिन्यांनी आयांना विचारले असता बरीच मुले त्या प्रयोगाविषयी अजून बोलत होती. काही आनंदाने, थोडी रागाने.

अमेरिकी मानकात अखेर असे ठरले की, बंद दाराच्या आतल्या बाजूने, खटक्याकडील कडेवर कुठेही १५ पौंडांपर्यंतचा जोर दिला की दार उघडलेच पाहिजे. मुलाने शिकायचे काही नाही, नुसते ढकलायचे.

या अटीत जुना खटका बसणे कठीण होते. त्याची जागा चुंबकाने घेतली. फेराइटची पूड लवचीक प्लास्टिकमध्ये मिसळून केलेली चुंबकपट्टी दाराच्या रबरी गॅस्केटमध्ये घालता येते. पूर्वी एका बिंदूवर असलेली पकड अशा रीतीने चारही कडांवर विभागली गेली. गंमत अशी की, हे दार थंडीही अधिक नीट राखते, कारण गॅस्केट स्वतःच पुढे सरकून पत्र्याला चिकटते आणि बारीक फटी झाकते. मात्र दाराला आत खेचून धरणारा खटका गेला, तसा सारा भार बिजागऱ्यांवर व दाराच्या अंगच्या ताठपणावर आला. आणि हा भार थोडाथोडका नव्हता. १९३३ साली क्रॉस्ली कंपनीच्या 'शेल्व्हाडोर'ने दारातच कप्पे आणल्यापासून बाटल्या आणि अंडी दारावरच टांगलेली असत. पुढे पॉलियुरेथेनचा फेस दारात भरला जाऊ लागला. तो फुगून बाहेरच्या पत्र्याला व आतल्या अस्तराला घट्ट चिकटतो, आणि दार एकसंध, हलके व ताठ होते.

कायदा लागू झाला त्याच १९५८ साली मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रिज आणला. ही कंपनी १८९७ मध्ये सुरू झाली ती कुलपे बनवण्यासाठी, हा योगायोग मजेदार खरा. भारतीय घरांतील फ्रिजना पुढे कितीतरी वर्षे किल्लीचे कुलूप असे आणि ती किल्ली गृहिणीच्या जुडग्यात. पण ते कुलूप किल्ली फिरवल्यावाचून लागत नाही. अमेरिकी खटक्याचा घात नेमका येथेच होता : तो आपला आपण बसे.

आधीच विकल्या गेलेल्या लाखो फ्रिजना मात्र १९५६ चा कायदा स्पर्श करू शकत नव्हता, आणि ती यंत्रे कमालीची टिकाऊ होती. १९८६ मध्येही 'पंकी ब्रूस्टर' या अमेरिकी बालमालिकेचा एक भाग जुन्या फ्रिजमध्ये कोंडल्या गेलेल्या मुलीवर होता. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील ४०२-ब या कलमानुसार दीड घनफूट वा त्याहून मोठा फ्रिज दार, बिजागऱ्या किंवा खटका न काढता टाकून देणे हा आजही गुन्हा आहे.