गवंड्याचा बोजा

शिवलेला सदरा शिलाई मिळेपर्यंत शिंपी अडवून ठेवू शकतो. कायद्याच्या भाषेत हा धारणाधिकार. गवंड्याला ती सोय नाही. वीट चुन्यात बसली की ती जमिनीची होते आणि जमीन तर मालकाची असते. इंग्लंडच्या जुन्या कायद्याने कारागिराचा हा हक्क ताब्यातल्या जंगम वस्तूपुरताच मानला. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने मात्र वास्तुकार, कंत्राटदार आणि गवंडी यांना इमारतीवर अग्रहक्क दिला.

इंग्रजी कायद्याच्या परंपरेतली ही उणीव अमेरिकेत भरून निघाली, ती नव्या राजधानीच्या गरजेपोटी. पोटोमॅक नदीकाठी वॉशिंग्टन शहर वसवायचे ठरले होते, आणि मोकळ्या रानात घरे बांधायला कुशल बांधकामदार हवे होते. पैसे बुडणार नाहीत, या खात्रीशिवाय ते पुढे येणे कठीण होते. म्हणून त्यांच्या येण्याचा बोजा घरावरच चढवण्याचा उपाय पुढे आला आणि त्याला अमेरिकी नेते जेफर्सन आणि मॅडिसन यांचा पाठिंबा होता. १९ डिसेंबर १७९१ रोजी मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यात तशी तरतूद आली. घराच्या, वीटकामाच्या किंवा सुतारकामाच्या लेखी करारातील येणे बाकी राहिले, तर त्याचा बोजा घरावर आणि खालच्या जमिनीवर चढे. त्यासाठी तो करार अधिकाऱ्यासमोर कबूल करून सहा महिन्यांत दस्त-नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागे आणि काम संपल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागे. घर दुसऱ्याच्या हाती गेले तरी वसुली होऊ शके. जमिनीवर आधीपासून असलेल्या कायदेशीर बोज्याला मात्र धक्का लागत नसे. या कायद्याचे खरे मोल इथे आहे: जे हातात धरून ठेवता येत नाही, ते दप्तरातल्या नोंदीने धरून ठेवता आले.

१८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने फिलाडेल्फियासाठी असाच कायदा केला आणि पुढे राज्यामागून राज्ये त्या वाटेने गेली. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क घातला.

अवघड प्रश्न पोटकंत्राटदाराचा होता. त्याचा करार मुख्य कंत्राटदाराशी, मालकाशी नव्हे. त्यावर दोन पद्धती रुजल्या. न्यूयॉर्क पद्धतीत मालकाकडून मुख्य कंत्राटदाराला जेवढे देणे उरले असेल, तेवढ्यापुरताच त्याचा हक्क चाले. पेनसिल्व्हेनिया पद्धतीत तो स्वतंत्र राहिला. मग एकदा पूर्ण रक्कम चुकती केलेल्या मालकावरही पुन्हा पैसे भरण्याची पाळी येऊ शके. मालकाला हे जाचक वाटणे स्वाभाविक होते, पण ज्याच्या घामाने भिंत उभी राहिली, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे त्याहून अन्यायाचे होते. पुढे अनेक राज्यांनी पूर्वसूचना आणि दावा नोंदवण्याच्या मुदती घालून मधला मार्ग काढला. या मुदती कडक असतात आणि त्या चुकल्या की हक्क जातो.

सरकारी इमारतीवर असा बोजा चढत नाही. म्हणून १८९४ च्या हर्ड कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या १९३५ च्या मिलर कायद्याने संघराज्याच्या कामांवरील कंत्राटदारांना हमीपत्र देणे भाग पाडले; मजूर आणि माल पुरवणारे त्यातून वसुली करू शकतात.

भारतात १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० कारागिराला धारणाधिकार देते, पण तो हाती सोपवलेल्या मालापुरता. कंत्राटदाराला केवळ काम केले म्हणून इमारतीवर बोजा चढवता येत नाही. केलेल्या कामाच्या पैशांसाठी त्याला दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे.