धोटा स्वतःहून बोलत नाही

माझं एमएस्सी भौतिकशास्त्रातलं. जे मोजता येतं तोच पुरावा, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे मी गिरणगावाच्या इतिहासाकडे वळले तेव्हा ‘म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी’ हा पुरावा कसा काय, असा प्रश्न मलाही पडला. संशोधन आराखडा लिहिताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पडेल, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूतकताई सुरू झाली. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्या, चाळी, खानावळी वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचं गिरणगाव झालं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर आले. काही ठिकाणी चिमणी तेवढी राखली गेली.

पण चिमणी राखली म्हणजे वारसा राखला का?

धोट्याचंच उदाहरण घ्या. मागावर आडवा धागा वाहून नेणारं हे लाकडी साधन. संग्रहालयात ठेवलं तर आपण लांबी मोजू, लाकूड ओळखू. पण कांडी बदलल्यावर विणकर धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत असे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून सवर्ण कामगारांनी दलितांना विणकाम खात्यात येऊ दिलं नाही. आणि जास्त पगार तर त्याच खात्यात! १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. यातलं काहीही धोट्यावर लिहिलेलं नसतं. ते कागदपत्रांतून आणि माणसांच्या तोंडूनच कळतं.

हेच ओळखून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगार, कार्यकर्ते, गिरणगावातल्या बायका यांच्या मुलाखती घेतल्या. २००४ मध्ये त्याचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक आलं. गिरणीच्या ताळेबंदात जे येणार नाही, ते तिथे सापडतं.

मग आठवण चुकली तर? इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावी आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना नेमकं हेच दिसलं. लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण अनेक जण सांगत, तो १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळी मेला. तारीख चूक, यात वाद नाही. पोर्तेल्लींनी मात्र ती चूक फेकून दिली नाही. लोकांना हा मृत्यू कपातीशी का जोडावासा वाटला, ते विचारलं. आपण प्रयोगशाळेत एकाच दिशेने होणारी चूक दिसली की तिचं कारण शोधतो ना? तसंच हे.

म्हणून मी आता दोन वह्या ठेवते. एकीत कागदांवरून ताडून पाहिलेल्या तारखा आणि आकडे. दुसरीत माणसाने जसं सांगितलं तसंच, त्याच्याच शब्दांत. दोन्ही जुळतात तिथे बरं वाटतं. पण खरा संशोधन-प्रश्न बहुतेक वेळा जुळत नाहीत तिथेच सापडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कागद अजून दहा वर्षांनीही दप्तरात मिळेल. पण १९८२ ला पंचविशीत असलेला विणकर आज पासष्टी ओलांडून गेलाय. आराखडा परिपूर्ण होण्याची वाट बघू नका, आधी त्याच्याकडे जाऊन बसा.