कॉलरवरचा बिब्बा

वडाळ्याच्या लॉन्ड्रीतून शर्ट आला की कॉलरच्या आतली खूण बघा. आता ती मार्करने करतात; पूर्वी धोबी बिब्ब्याच्या रसाने करायचे. कितीही धुवा, जायची नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमकं त्या खुणेपाशीच पुरळ उठायचं. 1943 मध्ये लिव्हिंगूड आणि सहकाऱ्यांनी ते ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ म्हणून नोंदवलं. आपल्याकडे आजी म्हणायची, बिब्बा उतला!

यातलं भिलावनॉल तेलकट, रेणुभार सुमारे 320. त्वचेत सहज शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्हीतही याच जातीचं रसायन असतं, त्यामुळे तिची ॲलर्जी असलेल्याला बिब्बाही बाधतो.

आता समजा, हे तुम्ही फ्रान्झ सेलवर तपासताय: वर रसायन, मध्ये त्वचा, खाली द्रव. खाली नुसतं सलाइन ठेवलंत तर भिलावनॉल त्यात विरघळणारच नाही. आकडा शून्याजवळ येईल आणि तुम्ही ‘शोषण नाही’ लिहून मोकळे! म्हणून द्रव बदला, आणि त्वचेत किती अडकलंय तेही मोजा. ओईसीडीची 2004 ची 428 क्रमांकाची पद्धतही हेच सांगते. सैनिकांचं दुखणं त्वचेतच तर होतं.