खाली म्हणजे कोणीकडे?

पालघर जिल्ह्यातील सातपाटी बंदरावर घोळ किंवा ढोमा कापताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना माशाच्या डोक्यातले दोन पांढरे, कठीण खडे ठाऊक असतील. हे साधे दगड नव्हेत. ते माशाच्या आतल्या कानातील कर्णाश्म होत. ते कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असून संवेदनशील केसांच्या गादीवर टेकलेले असतात. मासा कलला की खड्याचा भार सरकतो, केस वाकतात आणि 'खाली' कोणीकडे ते मेंदूला कळते. आपल्या कानातही असेच, पण अतिसूक्ष्म कण असतात.

जेथे भारच उरत नाही, तेथे हे खडे काय सांगणार? जमिनीवर या प्रश्नाचे उत्तर मिळणे अवघड. त्यासाठी रॉकेटच हवे. या प्रश्नाची एक बाजू एका शाळकरी मुलीने मांडली होती. तिच्या प्रयोगाची कथा शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे.

1979 च्या जुलैमध्ये जिच्या पडण्याच्या धास्तीने आपल्याकडे खळबळ उडाली होती, ती स्कायलॅब 14 मे 1973 रोजी सॅटर्न-5 रॉकेटने अंतराळात गेली. या प्रयोगशाळेसाठी अमेरिकेच्या 'नासा'ने शालेय विद्यार्थ्यांकडून प्रयोग मागवले होते. सुमारे 3400 प्रस्ताव आले, त्यांतून 25 निवडले गेले. त्यांपैकी एक मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टनच्या 17 वर्षांच्या ज्युडिथ माइल्सचा होता. तिचा प्रश्न एका वाक्यात मावतो: वजनरहित अवस्थेत कोळी जाळे विणू शकेल का?

प्रश्न पोरकट वाटेल, पण तसा तो नव्हता. मराठीत जाळे विणणाराही कोळी आणि जाळे टाकणाराही कोळी, आणि दोघांच्याही जाळ्यात हिशेब असतो. बागेतल्या कोळ्याचे गोल जाळे नीट पाहा. त्याचा मध्य वरच्या बाजूला सरकलेला असतो आणि कोळी डोके खाली करून बसतो. खाली धावणे वर चढण्यापेक्षा सोपे, म्हणून जाळ्याचा खालचा भाग मोठा. म्हणजे गुरुत्वाकर्षण त्या जाळ्यात जणू विणलेलेच असते. ते काढून घेतले तर?

जुलै 1973 च्या अखेरीस दुसऱ्या तुकडीबरोबर अरॅबेला आणि अनिता या दोन माद्या स्कायलॅबवर पोहोचल्या. अरॅबेला प्रथम हवेत नुसती पाय मारीत राहिली. तिचे पहिले जाळे वेडेवाकडे झाले. काही दिवसांत मात्र तिने व्यवस्थित जाळे विणले. धागा पृथ्वीवरच्यापेक्षा बारीक होता आणि त्याची जाडी कमीजास्त होती. दोन्ही कोळी जिवंत परतले नाहीत. जाळे विणता येते एवढे कळले. पण कोळी दोनच आणि छायाचित्रे मोजकी, त्यामुळे जाळ्याच्या आकाराविषयी ठाम काही म्हणता येईना.

त्याच यानात मम्मीचॉग जातीचे दोन छोटे मासेही होते. सुरुवातीला ते गोल गोल कोलांट्या घेत राहिले, कारण कर्णाश्म मुके झाले होते. सुमारे तीन आठवड्यांनी ते सरळ पोहू लागले, पाठ दिव्याकडे करून! प्रकाश जिकडून येतो ते वर, असा त्यांनी पर्याय शोधला होता.

कोळ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट उमगायला पुढे 47 वर्षे लागली. 2003 मध्ये मेलबर्नच्या शाळकरी मुलांचे कोळी कोलंबिया यानातून गेले. 1 फेब्रुवारीला ते यान कल्पना चावलासह सात अंतराळवीरांना घेऊन नष्ट झाले. 2008 च्या प्रयोगात राखीव कोळी मुख्य पेटीत शिरला, जाळी एकमेकांत गुंतली आणि खाद्य म्हणून ठेवलेल्या माश्यांच्या अळ्यांनी पेटीची काच झाकून टाकली. 2011 मध्ये दोन कोळी अंतराळ स्थानकात आणि दोन पृथ्वीवर सारख्याच पेट्यांत ठेवले गेले. दर पाच मिनिटांनी छायाचित्र, अशी सुमारे 14,500 चित्रे आणि 100 जाळी अभ्यासली गेली. निष्कर्ष 2020 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. अंधारात विणलेली जाळी जवळजवळ सममित होती. पण दिवा चालू असताना विणलेली जाळी पृथ्वीवरच्यासारखीच असममित!

दिवा होता पेटीच्या वरच्या बाजूस, केवळ छायाचित्रांसाठी. तो प्रयोगाचाच भाग होऊन बसेल असे संशोधकांना वाटले नव्हते. दिवे चौफेर लावले असते तर हे कदाचित लक्षातही आले नसते. आम्ही संशोधनशाळेत काम करणारी माणसे अशी चूक नेहमीच करतो. ज्या घटकाचा अभ्यास करायचा त्यावर डोळा ठेवतो आणि शेजारचा दिवा विसरतो.

आपल्याकडे 75 शाळांतील 750 मुलींचा सहभाग असलेला 'आझादीसॅट' 7 ऑगस्ट 2022 रोजी एसएसएलव्ही रॉकेटने झेपावला, पण यान योग्य कक्षेत पोहोचले नाही. 10 फेब्रुवारी 2023 रोजी दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. रॉकेटमधली जागा अशी थोड्यांनाच मिळते, आणि मिळाली तरी यश हमखास नसते. प्रश्न मात्र कोणत्याही शाळेला विचारता येतो.

तेव्हा शिक्षकांना दोन गोष्टी सुचवतो. शाळेच्या आवारातील दहा जाळ्यांचे मध्यापासून वरचे व खालचे अंतर मुलांना मोजू द्या. आणि अंधाऱ्या खोलीत काचेच्या टाकीतील माशांवर एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून, ते प्रकाशाकडे थोडे कलतात का ते पाहायला सांगा. किती मासे पाहिले, किती वेळा पाहिले आणि खोलीत आणखी कोठून उजेड येत होता, हे वहीत लिहायला मात्र विसरू देऊ नका.