‘तलवार’वरील १४ अर्ज

इ. स. १९४६ च्या फेब्रुवारींत मुंबईस आरमारी खलाशांचा जो उठाव झाला, त्याचें कारण निकृष्ट अन्न व राजकीय जागृति असें बहुधा सांगण्यांत येतें. तें खोटें नव्हे; परंतु उठावापूर्वींचे दहा दिवस आम्हांस अधिक विचारार्ह वाटतात.

कुलाब्यास ‘तलवार’ या नांवाची आरमाराची संदेशशाळा होती. तिचे प्रमुख कमांडर किंग यांनीं ता. ८ रोजीं खलाशांस अर्वाच्य शिवीगाळ केली. १४ जणांनीं लेखी तक्रार केली, तीहि ज्यानें त्यानें स्वतंत्रपणें. कारण संगनमतानें गाऱ्हाणें मांडणें हाच आरमारी शिस्तींत अपराध. हे अर्ज दुय्यम अधिकाऱ्यामार्फत पोंचले ते खुद्द किंग यांजकडे! ता. १६ रोजीं त्यांनीं अर्जदारांस समोर बोलावून, खोटी तक्रार करणें हा केवढा गुन्हा आहे हें बजाविलें व विचारास एक दिवस दिला. प्रतिवादीच न्यायासनावर बसल्यावर वादीनें दाद मागावी कोठें? ता. १८ रोजीं सकाळीं खलाशांनीं न्याहारी नाकारली.

पुढें न्यायमूर्ति फझल अली यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमण्यांत आलें. त्यांत तीन न्यायाधीश होते. त्रयस्थ श्रोता मिळाला, पण गोळीबार होऊन गेल्यावर. ही कल्पना त्या काळीं अपरिचित होती असेंहि म्हणतां येत नाहीं. स्वीडननें सैन्याच्या कारभारावर देखरेखीसाठीं संसदेनें निवडलेला स्वतंत्र अधिकारी १९१५ सालींच नेमिला होता. भारतांत २००७ च्या कायद्यानें सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालें. मात्र तेथें जाण्यापूर्वीं सैनिकास खात्यांतील वरिष्ठांकडे दाद मागण्याचे मार्ग सामान्यतः आधीं संपवावे लागतात.