न मोजलेल्यांची गणती

१९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत डॉ. अल्झायमर यांनी विस्मृतीने ग्रासलेल्या औगुस्टे डेटर या बाईंच्या मेंदूतील विकृती मांडली. त्यावर चर्चाही झाली नाही. या रोगाची काही बीजे आनुवंशिक असतात. पण २००३ साली मानवी जनुकसंचाचे वाचन पुरे झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुष्कळसा पुनरुक्त भाग वाचायचा राहिलाच होता.

२०१८ साली अँटवर्पच्या संशोधकांनी दाखवले, की एबीसीए७ या जनुकात २५ रासायनिक अक्षरांची ओळ फार वेळा आली, तर धोका वाढतो. नेहमीचे यंत्र एका दमात सुमारे १५० अक्षरे वाचते. सगळी रांग त्यात मावत नाही. म्हणून संगणक तुकड्यांच्या संख्येवरून तिची लांबी अजमावतो.

आम्ही हजेरीपटावरून भांडत आलेली माणसे. पटावर नाव नाही म्हणून कामगार नव्हताच, हे आम्ही कधी मानले नाही. विज्ञानालाही अखेर तेच म्हणावे लागले.