फळझाड लावण्याचा हक्क

लहानशा जमिनीत फळे आणि भाजीपाला काढून चार पैसे गाठीला बांधता येतात, असे हल्ली आपल्या तरुणांना फार सांगितले जाते. सांगणारा कधी कृषी खात्याचा असतो, कधी बँकेचा, तर कधी आपल्याच चळवळीतला कार्यकर्ता. सल्ला खोटा नाही. भाताचे पीक वर्षातून एकदा हाती येते, मेथी महिन्याभरात येते. भेंडी पन्नास दिवसांत तोड्याला येते आणि मग दिवसाआड पैसा देते. हा हिशेब कोणालाही कळतो. मग ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबून ही सारी कामे हाताखालून घातली, त्या आमच्या माणसांनी स्वतःची वाडी का उभी केली नाही? ती आळशी होती की अडाणी? हा प्रश्न शेतीशास्त्राचा नाही, इतिहासाचा आहे, आणि मी इतिहास शिकवतो म्हणून त्याचे उत्तर देणे माझ्याकडे लागते.

उदाहरणासाठी बदलापूर गाव घेतो. माझ्या वर्गात त्या पट्ट्यातली मुले येतात, आणि या एका गावात शेती, रेल्वे, कारखाना आणि शहर यांचा सगळा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. स्टेशन कुळगावच्या बाजूला आहे, तर मूळ बदलापूर गाव पश्चिमेला उल्हास नदीकडे. कल्याणहून पळसदरीकडे जाणारी रेल्वे १८५६ साली येथून गेली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास हे गाव मुंबईच्या बाजाराशी लोखंडी रुळांनी जोडलेले आहे. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर ओलीवर वाल, नदीकाठच्या मळईत काकडी, दुधी, माठ, मुळा आणि वरकस जमिनीत आंबा, फणस, जांभूळ असा इथला शेतीचा जुना क्रम. बदलापूरचे जांभूळ तर आता भौगोलिक मानांकनापर्यंत जाऊन पोचले आहे. जमीन, नदी, रेल्वे आणि गिऱ्हाईक अशा चारही गोष्टी हाताशी असलेली गावे महाराष्ट्रात थोडी. तरीही या संपत्तीत महारवाड्याचा वाटा किती होता, असे विचारले की गावगाड्याचे खरे रूप दिसू लागते.

महाराच्या वाट्याला जी जमीन होती ती वतनाची. हाडकी, हाडोळा अशा नावांनी ती ओळखली जाई आणि बहुतेक ठिकाणी ती हलक्या प्रतीचीच असे. या वतनाचे आपल्याकडे फार गोडवे गायले गेले. बावन्न हक्कांच्या कथा सांगून वाडवडिलांनी आपल्या मनाचे समाधान करून घेतले. वास्तविक ते वतन म्हणजे बिनपगारी चाकरीची साखळी होती. १८७४ च्या वतन कायद्याने ती साखळी इंग्रजांनी सरकारी कागदावर पक्की केली. सरकारी कामगार म्हणून रात्री-अपरात्री टपाल पोचवायचे, साहेबाचे सामान वाहायचे, मेलेली गुरे ओढायची, गावची वर्दी द्यायची आणि मोबदला म्हणून बलुत्याचे मूठपसा धान्य व हा जमिनीचा तुकडा घ्यायचा. घरच्या एकाने चाकरी चुकवली तरी सगळ्या भावकीचे वतन धोक्यात येई.

आता शेतीच्या दृष्टीने या जमिनीकडे पाहा. ती एका घराची नव्हती, सगळ्या महारकीची होती. चाकरी जशी पाळीने, तशी अनेक गावांत जमीनही पाळीने वा तोंडी वाटणीने कसली जाई. यंदा जो तुकडा माझ्याकडे, तो पुढल्या पाळीला चुलत्याकडे. अशा जमिनीत माणूस नाचणी पेरील, वाल टाकील, कारण ते पीक सहा महिन्यांत घरात येते. पण आंब्याचे रोप कोण लावील? जांभळाच्या बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात, कलम केले तरी चार-पाच वर्षे जातात. एवढी वर्षे ही जमीन माझी राहील आणि माझ्या पोराची होईल, याची खात्री ज्याला आहे तोच झाड लावतो. विहिरीचेही तसेच. म्हणून मी म्हणतो की फळबाग ही नुसती लागवड नाही. जमीन हक्काची असल्याचा तो उभा पुरावा आहे. गावात आमराई कोणाची आणि भाजीचा वाफा कोणाचा, हे पाहिले की सातबारा न वाचताही त्या गावाची जातवार जमिनवाटणी सांगता येते.

बाबासाहेबांनी हे वर्म फार लवकर ओळखले होते. महाडच्या सत्याग्रहाला दीड महिना होतो न होतो तोच, ३ मे १९२७ रोजी, ते याच बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते. त्यानंतर वर्षभराच्या आत, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराला चाकरीतून मोकळे होता यावे, पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडे राहावी, आणि बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा, अशी त्यातली मागणी होती. म्हणजे गावाच्या चाकराचे त्यांना सारा भरणाऱ्या स्वतंत्र शेतकऱ्यात रूपांतर करायचे होते. पुढारलेल्या म्हणवणाऱ्यांनी साथ दिली नाही आणि १९२९ साली ते विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने वतन जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरवून त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

वतन गेले ते अखेर स्वातंत्र्यानंतर, कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. या कायद्याने जमीन वतनदाराला परत मिळण्याची सोय झाली, पण साऱ्याच्या तिप्पट कब्जाहक्काची रक्कम मुदतीत भरण्याच्या अटीवर. ती न भरणारा आपल्याच वाडवडिलांच्या जमिनीवर अनधिकृत कब्जेदार ठरत होता. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना ही मुदत कोणी वाचून दाखवायची? आणि ज्यांनी रक्कम भरली त्यांची जमीनही नव्या शर्तीची झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, वाटता येत नाही. ही अट आमच्या रक्षणासाठी होती हे मला मान्य आहे. ती नसती तर मुंबईभोवतालच्या वतन जमिनी केव्हाच सावकाराच्या आणि बिल्डरच्या घशात गेल्या असत्या. पण त्या अटीचा दुसरा परिणाम असा की ज्या जमिनीची सुखासुखी विक्री होत नाही तिच्यावर कर्ज देताना बँक हात आखडते, आणि तिच्या सातबारावर पिढीगणिक नावे मात्र वाढत जातात.

माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. त्याच्या घरी दोन एकर वतनाची जमीन आहे आणि सातबारावर सोळा हिस्से आहेत. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. प्रत्येकाच्या वाट्याला पाच गुंठे. मुलगा बी. ए. झालेला, हातात नोकरी नाही, भाजीपाला करायची उमेद आहे. त्याने विहिरीच्या योजनेची चौकशी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी आहे. पण नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन अर्जदाराच्या नावावर हवी. पाच गुंठेवाल्याने कुठे जायचे? १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तिच्यात मागास जातींच्या शेतकऱ्यांना शंभर टक्के अनुदान होते. तेथेही पहिला कागद सातबाराच होता. योजना बाबासाहेबांच्या नावाची असो की आणखी कोणाच्या, ती ज्या दारातून आत जाते ते दार जमिनीच्या मालकीचे आहे.

आणि ज्याला जमीनच नाही त्याचे काय? १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. कायद्यात शेतमजुराचाही उल्लेख आहे. पण शेतकऱ्याचे नाव सातबारावर असते. शेतमजुराची मजुरी कोणत्या दप्तरात नोंदलेली असते? १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन मानून कुळांना जमिनीचे मालक करण्यात आले, तेव्हाही ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्यालाच जमीन मिळाली. त्या कुळाच्या शेतात राबणारा गडी गडीच राहिला. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभा केला. ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांच्याच नावाच्या योजनेत सरकार भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन घेऊन देते. २०१८ साली त्यासाठी जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला एकरी आठ लाख अशी मर्यादा घालण्यात आली. बदलापूरच्या आसपास या भावात एकरभर जमीन देणारा मालक कोणी दाखवून द्यावा!

येथे बाबासाहेबांच्या एका जुन्या निबंधाची आठवण करून देणे अवश्य आहे. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर लिहिले. त्या काळी कीटिंग, हॅरॉल्ड मॅन यांसारखे पंडित शेत किती मोठे असावे याची चर्चा करीत होते आणि कुटुंबाच्या पोटाला किती लागते यावरून त्याचे माप ठरवीत होते. बाबासाहेबांनी हे मापच नाकारले. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही. त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण कसे आहे यावरून ठरते, असा त्यांचा सिद्धांत होता. अवजारे नसतील तर मोठे शेतही तोट्याचे, आणि ती पुरेशी असतील तर लहान शेतही किफायतीचे. आज छोट्या फायदेशीर शेतीचे जे शास्त्र म्हणून सांगितले जाते त्याचा पाया शंभर वर्षांपूर्वी आमच्याच माणसाने घातला होता. फरक एवढाच की जमिनीशेजारी जी साधने लागतात, म्हणजे पाणी, पत, बाजार, ती जातीने कोणापासून हिरावली, हे आजचे सल्लागार सांगत नाहीत.

पाण्याचे पाहा. बदलापूरच्या कुशीत बारवी धरण आहे, १९७२ सालचे. ते औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याचे पाणी कारखान्यांना जाते, शहरांच्या नळांना जाते. शेजारच्या वाफ्याला जाण्यासाठी ते बांधलेलेच नाही. नदी पावसाळ्यात अंगावर येते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारांवर प्रवासी बाहेर काढावे लागले, हे सर्वांना आठवते. आणि मार्च-एप्रिलमध्ये, भाजीला खरा भाव असतो तेव्हा, पंप आणि पाइप असणाऱ्याचीच मळई हिरवी राहते.

बाजाराचा इतिहास मात्र निराळा आहे. गावात महाराच्या हातचे खाण्याचे जिन्नस कोणी घेत नसे. भाजी पिकवली तरी ती गावात विकायची सोय नव्हती. ही गाठ शहराने सोडवली. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि स्वतःच घरादाराला मुकलेल्या त्या गिऱ्हाइकाने पाटीवालीची जात विचारली नाही. दुधी कोवळा आहे का एवढेच विचारले. लोकलच्या डब्यात पाटी टाकून कल्याणला जाणाऱ्या आमच्या बायांनी जो स्वाभिमान मिळवला तो कोणत्याही समाजसुधारकाच्या भाषणातून मिळाला नसता. जुलै २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे. थेट विक्रीला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. स्टेशनाबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी भगिनी आणि आमच्या बाया यांनी एकत्र येऊन बसायची हक्काची जागा मागितली, तर निदान नडलेल्या बाईला आपला माल दलालाच्या भावाने टाकावा लागणार नाही.

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हटले आणि तुम्ही पोरांना परत मातीत ढकलता. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. वरच्याच निबंधात बाबासाहेबांनी शेतीवरच्या जादा माणसांना उद्योगधंद्यात नेणे हाच खरा उपाय सांगितला आहे. आमच्या बापांनी तो उपाय केला. ते अंबरनाथच्या कारखान्यांत गेले आणि त्यांच्या पगारावर आम्ही शिकलो. पण ती कायमची नोकरी आज कुठे आहे? मुलगा कंत्राटदाराच्या हाताखाली महिने मोजतो, आणि दुसरीकडे १९५८ च्या कायद्याने वाचलेला तुकडा पडीक राहून इमारतीची वाट पाहतो. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती. एवढ्या तोंडांना रोज भाजी लागते. चाकर म्हणून गावात राहणे आणि मालक म्हणून शहराला भाजी विकणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. बाबासाहेबांचा राग पहिल्या गोष्टीवर होता. १९२८ चे विधेयक दुसरीसाठी होते.

म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पाच गुंठ्यांची शेती कर असे सांगितले नाही. सोळा हिस्सेदारांना एका जागी बसव, मयतांच्या वारसनोंदी करून घे, ऐंशी गुंठे एकत्र कसायचे लेखी ठरव आणि एका विहिरीसाठी एकत्र अर्ज कर, असे सांगितले. चाळीस गुंठे भाजीला, बांधावर जांभूळ आणि आंब्याची कलमे. नाही म्हणणारे एक-दोन भाऊबंद निघतीलच, आणि बयाणा घेऊन बिल्डरचा माणूसही येईल. वतन जेव्हा सामाईक होते तेव्हा ते सामाईक गुलामीसाठी होते. तीच सामाईक जमीन आता मिळून कसता येईल की नाही, हे आमच्या शिकलेल्या पिढीने ठरवायचे आहे. आणि लवकर ठरवायचे आहे, कारण एकदा जमीन बिनशेती झाली की सातबारावरून सोळाही नावे जातील.